खंडेनवमीच्या पाटावरचा हात

पुण्याहून निघताना सरांनी मला पुन्हा पुन्हा तेच बजावलं होतं. "हात घेऊन ये. वाद घालू नकोस, त्याला दुखवू नकोस, पण हात घेऊन ये." म्हणून मांडीवर लाकडी पेटी घेऊन मी एसटीत बसलो. पेटीला आतून हिरवी बनात लावलेली, मधोमध हाताच्या आकाराची खोबण. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हो, बाजाची पेटी का?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर औरंगाबाद येईपर्यंत सगळी गाडी माझ्याभोवती जमली असती, आणि कोणीतरी विचारलंच असतं की माणसाला दिलेला हात परत कसा काय आणतात. 

मी मूळचा जानेफळकडचा. सातवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. मावशीच्या यजमानांच्या ओळखीनं पुण्याला आलो आणि कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका कारखान्यात चामड्याचे पट्टे शिवायला लागलो. माझ्या 'मले-तुले'ला सगळे हसायचे. सर हसले नाहीत. सर म्हणजे हातांच्या विभागाचे इंजिनिअर. त्यांनी मला पट्ट्यांवरून उठवून आपल्या टेबलाशी बसवलं, तारा जोडायला शिकवलं. मला टायफॉइड झाला तेव्हा स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, मला पेज भरवली. तेव्हापासून सरांनी काही सांगावं आणि मी ते करू नये, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. उपकाराखालचा माणूस जरा घाबरटच होतो. निदान मी तरी झालो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. सर तेव्हा विजेवर चालणारा हात करत होते. आत ॲल्युमिनियमचा सांगाडा, एवढीशी मोटर, वरून रबराची कातडी, कमरेच्या पट्ट्यात बॅटरी. कोपराखाली जो हात उरलेला असतो त्याचा एक स्नायू आवळला की मूठ मिटायची, दुसरा आवळला की उघडायची. मिटताना बारीक घुर्र आवाज यायचा. रबराच्या कातडीसाठी कोणाच्या तरी हाताचा साचा हवा होता. माप जुळलं म्हणून माझा उजवा हात प्लास्टरमध्ये बुडवला. त्यामुळे त्या हाताची नखं माझी होती, पेरांवरच्या रेघा माझ्या, अंगठ्याजवळचा, चामडं कापायच्या रापीचा वण माझा. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पत्र्याचा एक बिल्ला होता. त्यावर नंबर, आणि खाली 'कारखान्याची मालमत्ता'.

हा हात पहिल्यांदा मिळाला तो धाडजवळच्या एका भाजीवाल्याला. कडबा कापायच्या कुट्टीत त्याचा उजवा पंजा गेला होता. तो पुण्यात शिकायला राहिला, आणि मी त्याच्या बोलीतला म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

"नसलेल्या पंजाची मूठ वळा," मी सांगायचो.

"नसलेल्याची कशी वळू, भाऊ? तुमी नसलेल्या बायकोसंग भांडून दाखवा बरं."

माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. पण काही आठवड्यांनी त्याची मूठ वळली. तिनं माझं बोट धरलं आणि तो ती उघडायची कशी हेच विसरला. माझाच हात माझं बोट धरून बसला होता. तो हसत सुटला. मला घाम फुटला.

त्याच दिवसांत कारखाना पाहायला पाहुणे आले होते. त्यांतले एक म्हणाले, "आज हात झाला, उद्या हृदय होईल. मग काय, एक दिवस अख्खा माणूसच बनवा." सर म्हणाले, "का नाही?" चहा पिता पिता सगळे हसले. मी कोपऱ्यात बकलं लावत होतो. माझ्या डोक्यात भलतंच आलं. अख्खा माणूस बनवला तर बिल्ला कुठं लावतील? आणि मुदत संपल्यावर त्याला न्यायला कोणाला पाठवतील?

कारण मुदत होती. हात चाचणीपुरता दिलेला. वर्षभर वापरायचा, मग परत आणायचा, उघडून झीज बघायची, आणि नंतर दुसऱ्या माणसाला लावून बघायचा. हे त्याला जाताना सांगितलं होतं. तो "हाव" म्हणाला होता. नवा हात अंगाला लागलेला माणूस कशालाही हाव म्हणतो. मुदत उलटली, दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. मग वरच्यांनी सरांना धारेवर धरलं आणि सरांनी मला पाठवलं. "तू त्याच्या भाषेत सांग," म्हणाले.

धाडला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. तो मला शोधावा लागला नाही, जिथं गर्दी तिथं तो. पुढ्यात वांगी, मिरच्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. उजव्या हातात तागडी धरलेली आणि डाव्या हातानं तो भाजी टाकत होता. रबराच्या मुठीत तागडीची दोरी जराही हलत नव्हती. माणसाचा हात असा स्थिर राहत नाही.

एक म्हातारा गिऱ्हाईक उकिडवा बसून मुठीकडे बघत होता. "काऊन बे, काटा मारला तं धरावं कोणाले? तुले का तुह्या हाताले?"

"हाताले धरा, बाबा. म्या तं इमानदार हाये."

"मंग पैसे बी हातालेच देतो."

"द्या न. जेवाले मातर मीच बसीन."

लोक हसले, मीही हसलो. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि माझ्यावरून पेटीवर गेली. मूठ घुर्र करून आणखी आवळली गेली आणि तागडी एका बाजूला कलली. पण तोंडानं तो एवढंच म्हणाला, "आले का भाऊ? दसऱ्याले आले, बरं केलं. चला घरी."

घर मळ्यातच होतं. घरात त्याची आई आणि बायको. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "बापू, तुमी माह्या लेकराले हात देला. तुमचं भलं होवो." मी पेटी दाराआड ठेवली. चहा घेताना सांगू म्हटलं, नाही सांगितलं. हातपाय धुऊन झाल्यावर सांगू म्हटलं, तेव्हाही नाही.

त्या घरानं हाताची सगळी व्यवस्था लावली होती. बॅटरी गावातल्या पिठाच्या गिरणीत चार्ज व्हायची. दळण आणलेल्या बाया विचारायच्या, "हात दळाले ठेवला का?" बायको म्हणाली, "झोपतानी खुंटीले टांगतात, भाऊजी. अंधारात उठलं की वाटते भिंतीतून कोणी हात काढून राह्यलं. पण एक बरं झालं. याईले राग आला की मूठ आपोआप मिटते. तोंडानं काही म्हणत नाहीत, पण घुर्र वाजलं की मले समजते."

"म्हणून तं मी राग येऊच देत नाही," तो म्हणाला.

तो हे गमतीत बोलला खरा, पण मला ते लागलं. माणसाचा राग त्याच्या पोटात राहावा एवढी तरी मुभा त्याला हवी. आम्ही त्याला हात देताना ती काढून घेतली होती, आणि कारखान्यातल्या आमच्या टेबलाशी कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

जेवताना आईचं लक्ष माझ्या ताटाकडे होतं. मी भाकरी मोडत होतो. तिनं माझा पंजा धरला, उलटा केला, अंगठ्याजवळचा वण पाहिला, मग लेकाच्या रबरी हाताकडे पाहिलं. "वं माय," ती सुनेला म्हणाली, "हा तं याईचाच हात हाये."

मी साच्याचं सगळं सांगितलं. तिनं पुन्हा माझ्या वणावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमी आपला हात काढून देला म्हणा न." तसं नाही हे तिला समजावता समजावता मला काय सांगायला आलो होतो ते आणखीच अवघड होऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना त्या दिवशी धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून पाटावर मांडतात, आणि दसऱ्याचं सोनं लुटून आल्याशिवाय उचलत नाहीत. आई म्हणाली, "उद्या हातबी पाटावर मांडू."

"तो इळा हाये का?" तो म्हणाला. "माहा हात हाये. देवापुढं कोणी आपला हात काढून ठेवते का?"

"खुंटीले टांगता तवा नाही हात राहात?" बायकोनं विचारलं.

 आईच बोलली. "वरीसभर राबला तो. इळ्याले पूजा, खुरप्याले पूजा, अन् त्याले नाही. रुसन तो. मंग ऐन बाजारात दगा देईन."

"नाही मांडाचा म्हटलं न, माय." मूठ घुर्र वाजली. विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

सकाळी विहिरीवरून आंघोळ करून मी परत आलो तेव्हा अंगणात पाट मांडलेला होता. विळा, खुरपी, कुऱ्हाड, तागडी, घासून लख्ख केलेली. आणि त्यांच्याजवळ तो हात. पालथा, ओला, नखांपर्यंत पिवळा. मधल्या बोटाला कुंकू लावलेलं. क्षणभर मी माझ्याच उजव्या हाताकडे पाहिलं, तो जागेवर आहे ना म्हणून.

"आजी, याले पाणी लावलं का?"

"आंघोळ घातली," ती म्हणाली. "बाकीचे राखीनं घासले. याले राख कशी लावू? कातडी हाये न. कोमट पाण्यात बसवला, बेसन-हळद लावली, लेकराले लावते तशी."

तिलाही ठरवता आलं नव्हतं तर. तिनं त्याला लेकरासारखी आंघोळ घातली आणि मांडला मात्र हत्यारांत. विजेच्या वस्तूला पाणी चालत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिच्या लेखी ती वस्तू नव्हतीच, आणि लेकराला आंघोळीनं काय होतं?

तो आला. पाटासमोर उभा राहिला. आईनं त्याच्या तोंडाकडे बघून ओळखलं की काहीतरी बिघडलं. तो ओरडला नाही. आत जाऊन बॅटरी घेऊन आला, पाटापाशी बसून तार जोडली आणि कोपराखालचा उरलेला हात आतल्या, स्नायूची हालचाल टिपणाऱ्या बटणांना टेकवून स्नायू आवळला. काही नाही. पुन्हा आवळला. काही नाही.

"मेला का?" आईनं विचारलं.

"झोपला," तो म्हणाला.

आई मटकन खाली बसली. "म्याच मारला," ती म्हणाली. "देल्लेला हात म्याच मारला." तिचं ते बोलणं मला ऐकवेना. आणि मला दुसरीच काळजी लागली होती. सरांना काय सांगू? मुदत उलटलेला हात, तोही बंद पडलेला. सरांची नोकरी माझ्या डोळ्यांपुढे आली, मग माझी. तेव्हा मी ते बोललो. हात बंद पडला म्हणून धीर आला असेल, किंवा आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता.

"हा हात मी न्यायलाच आलो होतो," मी म्हणालो. "मुदत संपली. सरांनी पाठवलं."

"पेटी पाह्यली तवाच समजलं," तो म्हणाला. "पत्रं बी आलते. म्या वाचून घेतली गिरणीवाल्याकडून."

"मग उत्तर काऊन नाही दिलं?"

"काय देऊ? तुमीच सांगा. माहा म्हणावं तं बिल्ला तुमचा. तुमचा म्हणावं तं जेवतो म्या त्यानं."

मी हात उचलायला वाकलो. आतलं पाणी झटकून उन्हात ठेवावा, लवकर सुकेल, एवढाच विचार होता. आईनं माझं मनगट धरलं. "मांडल्यावर उचलत नाहीत, बापू. उद्या सोनं लुटून आलो की मंग. अन् ज्याचं हत्यार त्यानंच उचलाचं, दुसऱ्यानं उचललं की ते दुसऱ्याचं होते."

मी सावरून उभा राहिलो. पाणी आत मुरत होतं आणि मला एक अख्खा दिवस त्याच्याकडे बघत बसायचं होतं. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. सावली पाटावर आली की मी उठायचो. पाट हलवायला बंदी नव्हती, म्हणून मी आणि तो पाट धरून उन्हात सरकवायचो. तो डाव्या हातानं धरायचा आणि उजवं कोपर वाकवून खालून आधार द्यायचा. हात यायच्या आधी तो असंच सगळं उचलत होता. अजून विसरला नव्हता. सर नेहमी म्हणायचे, आमच्या हातामुळे माणूस पुरा होतो. पण मी बघत होतो तो माणूस कुठं अपुरा होता, ते मला दिसेना.

दसऱ्याला गावाबाहेर जाऊन आलो. लोक सोनं द्यायला घरी आले, आपट्याची पानं देऊन पाया पडले. पाटावरचा हात बघून एकजण म्हणाला, "हा बरा बसला निवांत. धन्याले लावलं कामाले." कोणी त्याच्या तळव्यावरही पान ठेवलं.

मग आईनं ओवाळलं आणि म्हणाली, "उचला ज्याचं त्यानं." बायकोनं विळा उचलला. आईनं खुरपी उचलली. त्यानं तागडी उचलली, कुऱ्हाड उचलली. हात राहिला.

 त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मी उचलला असता तर तो कारखान्याचा झाला असता, त्या पाटावर, त्या माणसांसमोर. नाही उचलला तर मी सरांचं काम करत नव्हतो. तापात पडलेलो असताना माझ्या तोंडाला पेज लावणारी बाई मला आठवत होती.  आई म्हणाली, "जेवून घ्या." आम्ही जेवलो आणि हात पाटावर राहिला.

सकाळी पहिल्या गाडीसाठी मी उठलो तेव्हा तो अंगणात पाटासमोर बसला होता. अंगात धुतलेला सदरा. त्यानं डाव्या हातानं तो हात उचलला, पिवळा, बंद पडलेला. बायकोला हाक मारली. मी शिवलेली बकलं तिनं एकेक करून आवळली. हात अंगाला लागला, नुसता लटकत राहिला.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"पुण्याले. हात एकटा जाते का कुठं?"

सगळ्या प्रवासात तो खिडकीशी बसला होता, हात मांडीवर ठेवून. मी मनातल्या मनात सरांना काय सांगायचं ते जुळवत होतो आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.

सर आम्हाला दारातच भेटले. "हे कशाला आले?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर त्यानं दिलं. "सायब, हात मांगतला तुमी. घेऊन आलो." आणि तो टेबलाशी बसला. जिथं आम्ही सुटे हात उघडतो तिथं त्यानं हात ठेवला, अंगाला जोडलेला तसाच.

सरांनी बकलाला बोट लावलं आणि ते थांबले. इतक्या वर्षांत शेकडो पट्टे त्यांनी सोडले होते. मी पहिल्यांदाच त्यांना विचारताना ऐकलं, "काढू का?"

"काढा. म्या इथंच बसतो."

कातडी उतरवली तशी हळदीचा वास आला. दातेरी चाकांत बेसन घट्ट बसलं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, आंघोळीपासून पाटापर्यंत, अडखळत, माझ्याच बोलीत. माझं ऐकून ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला आणि चाक पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता म्हणाले, "राख नाही लावली?" मी नाही म्हणालो. ते पुढचं चाक पुसायला लागले.

मोटर बदलावी लागली. तेवढे दिवस तो रोज येऊन समोरच्या स्टुलावर बसायचा. दुरुस्ती झाल्यावर सरांना वर बोलावलं. दार लोटलेलं होतं, आवाज मात्र बाहेर येत होते. मी पट्टा शिवत होतो आणि सुई बोटात गेली तेही कळलं नाही. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "त्यांच्या गाडीचं बघ."

"आणि हात?" मी विचारलं.

"त्यांच्या अंगावर आहे ना?"

तो गेला. पुढच्या पावसाळ्यात सरांना हातांच्या विभागातून काढून भांडारात टाकलं. विजेचा दुसरा हात आमच्याकडे झाला नाही. कोणी मला थेट काही बोललं नाही, पण ज्यांनी पेज भरवली त्यांच्या घरी जायला मला त्यानंतर फार जड गेलं. बाई अजून तशाच वागतात, ते आणखी जड.

भांडारात खिळे-बकलं आणायला गेलो की सर हमखास विचारतात, "धाडचा हात चालतोय ना?" मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर दिवाळीपासून त्याचा निरोप नाही. पत्र टाकावं असं रोज वाटतं. पण कारखान्यातून आलेलं पत्र त्याला गिरणीवाला वाचून दाखवणार, आणि ऐकता ऐकता तो काय समजेल ते मला ठाऊक आहे.